सुरीच्या ‘टँग’ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. पात्याचं जे पोलाद मुठीत जातं, त्या ‘टँग’ला मी ‘शेपूट’ म्हटलं आणि ‘फुल टँग’ला ‘पूर्ण शेपूट’. तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडलं. काय लिहू?

करवती: शेपूटच! सांगलीकडे आजोळी लोहार कोयत्याची शेपटी लाल तापवून बाभळीच्या मुठीत ठोकायचा. लाकूड जळून भोक नेमकं शेपटीच्या मापाचं व्हायचं. वर वसवी, म्हणजे धातूचं कडं. जपानी सुऱ्यांच्या मुठी अशाच बसवतात. मूठ कुजली तर नवी घाला, पातं तेच.

चिंचपान: शेपूट निमुळतं असतं. फुल टँगचं पोलाद मुठीच्याच आकाराचं आणि टोकापर्यंत असतं, दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या रिव्हेटनं जोडतात. मुठीतलं 11 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद, अडीच मिमी जाड पोलाद साधारण 43 ग्रॅम भरतं. 6 सेंमी लांब, 8 मिमी रुंद शेपटी त्याच जाडीत जेमतेम 9 ग्रॅम. त्यामुळे फुल टँग सुरीचा तोल मुठीकडे सरकतो. सुतारांचं ‘कुसू’ घ्या की. सालीत, म्हणजे लाकडात कोरलेल्या खाचेत, बसतं ते कुसू.

रानजाई: पण फुल टँग कशात बसतच नाही, मूठ त्याच्यावर चढते. मग ते कुसू कसं?

चिंचपान: हो, तिथं अडतंय खरं.

माळरान: टँग म्हणजे आपली टांगच. संस्कृतात ‘टङ्का’ म्हणजे पाय. पात्याचा पाय मुठीत रोवलेला!

ओवी_७: नाही हो. तो शब्द जुन्या नॉर्स ‘टांगी’वरून आला, अर्थ टोक, समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

पोटमाळा: सरळ ‘टँग’ लिहा. रिव्हेट चालतो, मग टँगनं काय पाप केलं?

करवती: रिव्हेट आपल्याकडे कारखान्यातून आला. शेपटी लोहाराच्या तोंडात आधीपासून आहे. असलेला शब्द का टाकायचा?

चिंचपान: कारण ग्राहक त्यातून ‘कमजोर’ असा अर्थ काढेल. वाकवताना रुंदी निम्मी झाली की ताकद चौथाई उरते, हे खरंच आहे.

करवती: नेपाळी खुकरीची पारंपरिक शेपटी बारीकच, लाखेत बसवलेली. तिनं लाकडं फोडतात. आपल्या तलवारींची पातीही मुठीत लाखेनंच धरलेली. शेपटी तुटते ती खांद्यापाशी, म्हणजे पातं अरुंद होऊन शेपटी सुरू होते तिथं. तिथं काटकोनी खाच ठेवली की सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. आमचा लोहार खांदा गोल करायचा आणि शेपटीला पाणी देत नसे, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करत नसे, म्हणून ती ठिसूळ होत नसे.

रानजाई: म्हणजे बारीक असेल तिथं ‘शेपटी’. आणि फुल टँगला?

ओवी_७: ‘अखंड पोलादी मूठ’?

चिंचपान: चुकीचं. मूठ लाकडाचीच आहे.

माळरान: करवती, वसवी मुसळाला असते. कोयत्याला आमच्याकडे नुसतं ‘कडं’ म्हणतात.

करवती: आमच्याकडे दोन्हीकडे वसवीच. आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे.

माळरान: मुसळाची वसवी खाली, कांडायच्या टोकाला असते. मुठीवरचं कडं लाकूड फाटू नये म्हणून. काम वेगळं, मग नाव एक कसं?