जर्बिलला पिल्लं झालीत, नर वेगळा काढलाय. परत ठेवू का? लवकर सांगा

रेवा_भांडुप:
दोन्ही माद्या आहेत सांगून दुकानदाराने जर्बिलची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्यांची, जोडी दिली होती. पिंजरा साफ करायला गेले तर टिश्यूच्या ढिगात पाच पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले. दुकानदार म्हणाला नर पिल्लं खातो, आधी बाजूला काढा. काढला. तो रात्रभर प्लास्टिकचा डबा कुरतडतो, घरात कुणाला झोप नाही. परत ठेवू की नको एवढंच सांगा.

मन्या_खारघर:
नक्की जर्बिलच ना? आमच्याकडे सीरियन हॅमस्टर होते, त्यांचे नर-मादी एकत्र ठेवायचेच नसतात. मादीने नराचा कान फाडला होता. वेगळाच राहू द्या.

रेवा_भांडुप:
शेपूट लांब, टोकाला झुपका. हॅमस्टर नाहीत.

सुलभा_डोंबिवली:
मन्या, हॅमस्टरचा अनुभव इथे लावू नकोस. हॅमस्टर एकटा राहणारा, जर्बिल मंगोलियाच्या गवताळ भागात कुटुंब करून बिळात राहणारा. बाप पिल्लांवर बसून ऊब देतो. माझ्याकडे तीन वेळा पिल्लं झाली, एकदाही नराने त्रास दिला नाही.
रेवाताई, महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाहीत. पिल्लं कधी झाली? नर कधी काढलात? डबा मादीच्या पिंजऱ्याजवळ आहे की दुसऱ्या खोलीत?

रेवा_भांडुप:
मंगळवारी सकाळी दिसली, रात्री नर काढला. तो स्वयंपाकघरात, ती हॉलमध्ये.

सुलभा_डोंबिवली:
आज शुक्रवार, म्हणजे तीन दिवस. मग थेट सोडू नका! जर्बिल एकमेकांना वासावरून ओळखतात. इतके दिवस वास तुटला की आपल्याच जोडीदाराला परका समजून जीवघेणी मारामारी करू शकतात. मधे जाळी लावून दोघांना शेजारी ठेवतात, रोज बाजू बदलतात. पण आत्ता बाजू बदलायची तर घरटं हलवावं लागेल. ते नको.

अनिकेत_ठाणे:
सुलभाताई, मी दोन दिवसांनी थेट सोडला होता, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

सुलभा_डोंबिवली:
तुझं नशीब. पाच पिल्लं आत असताना मी तरी हा जुगार खेळणार नाही.
आणि रेवाताई, अजून एक. जर्बिलची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. मंगळवारी दिवसभर नर तिथेच होता. एरवी २४ ते २६ दिवस लागतात. अंगावर पिणारी पिल्लं असली की आणखी लांबतं. पुढच्या महिन्यात दुसरी खेप येईल असं धरून चाला.

काका_गिरगाव:
मुली, पावसाळ्यात उंदीर घरात आणून ठेवलेस? लेप्टोचा ताप माहीत आहे ना?

वैशाली_परळ:
काका, लेप्टो मुख्यतः गटारातल्या उंदरा-घुशींच्या लघवीने, साचलेल्या पाण्यातून येतो. घरातल्या पिंजऱ्यातल्या जर्बिलची भीती नको. पण बाहेरचा उंदीर पिंजऱ्यापर्यंत पोचला तर धोका आहे. रेवा, पिंजरा जमिनीवर असेल तर टेबलावर घे, दाणे रात्री उघडे टाकू नकोस.

मन्या_खारघर:
सूर्यफुलाच्या बिया भरपूर द्या, माझे हॅमस्टर त्यावर गुबगुबीत झाले होते.

सुलभा_डोंबिवली:
त्या तेलकट, मोजक्याच द्यायच्या. बाजरी, ज्वारी, ओट्स आणि दूध पाजते आहे तोवर उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा. कापूस घालू नका, पिल्लांच्या पायात धागे गुंततात. साधा टिश्यू पुरे.

रेवा_भांडुप:
पण मला आणखी पिल्लं नकोतच! वन बीएचकेत कुठे ठेवू?

सुलभा_डोंबिवली:
मग उत्तर सरळ आहे, नराला परत ठेवूच नका. त्याला खोल पेटीत भरपूर टिश्यू आणि पुठ्ठ्याच्या नळ्या द्या, कुरतडायला तेच हवं असतं. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की नर-मादी ओळखून मुलगे बापाकडे द्या, मुली आईकडे. बापाशी ओळख मात्र जाळीतूनच करून द्या. ओळखायचं असं: मूत्रद्वार आणि गुदद्वार यांत नराचं अंतर जास्त, मादीचं अगदी कमी. शेपटीने उचलू नका, कातडी सोलून हातात येते.

वैशाली_परळ:
पटत नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, जनावरांच्या दवाखान्यात, फोन करून लहान प्राणी बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचार.

रेवा_भांडुप:
सोमवार. एक पिल्लू काल गेलं, चार दूध पितायत. नर पेटीत बिळं करून शांत झोपलाय, मीही झोपले. पण मादीचे केस चिकट दिसतायत, नाकाजवळ लाल झालंय. आंघोळ घालू का?

सुलभा_डोंबिवली:
पाण्याने अजिबात नाही! आपल्याकडची दमट हवा त्यांना सोसत नाही. चिंचिला या प्राण्याच्या आंघोळीसाठी मिळते ती बारीक वाळू वाटीत अर्धा तास ठेवा, ती स्वतः लोळेल. चौपाटीची वाळू नको. भुसा ओला झाला असेल तर घरट्याला हात न लावता बाकीचा बदला. पंख्याचा झोत पिल्लांवर नको. नाकाची लाली दोन दिवसांत गेली नाही तर मात्र डॉक्टर. भुसा कसला वापरताय?

रेवा_भांडुप:
सुतारकामाचा. खालच्या फर्निचरवाल्याकडून आणते.

सुलभा_डोंबिवली:
आजच काढा तो, नाकाची लाली त्यानेही असू शकते.