तिसरीतच रीतसर तपासणी करा, दहावीची वाट कशाला बघायची?

सिडकोतली आई

सरळ मुद्द्यावर येते. वाचण्यालिहिण्यात अडकणाऱ्या प्रत्येक मुलाची तिसरीतच अध्ययन अक्षमतेसाठी (म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन, गणित जमत नाही त्यासाठी) रीतसर तपासणी व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी शाळेनं पालकांच्या मागे लागायला पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. पहिली ते आठवी "होईल हळूहळू", "लक्ष देत नाही", "मोबाईल काढून घ्या" आणि नववीच्या दिवाळीनंतर एकदम पळापळ, दहावीच्या सवलतींसाठी लागणारं सर्टिफिकेट कुठं मिळतं, किती दिवस लागतात, बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत हातात येईल का.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. कलम १६ मध्ये तर स्पष्ट आहे की ती लवकरात लवकर ओळखायची आणि त्याप्रमाणे शिकवण्यात बदल करायचे ही शाळेची जबाबदारी. जानेवारी २०१८ ला केंद्रानं सूचना काढल्या तेव्हा वयही ठरवून दिलं, तिसरी किंवा आठ वर्षं, जे आधी येईल ते. शाळेनं चाळणी लावायची, मग बालरोगतज्ज्ञ डोळे-कान आणि बाकीचं बघणार, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आयक्यू काढणार, तो ८५ च्या वर आला तर वाचन-लेखन-गणिताची वेगळी चाचणी. एवढं सगळं कागदावर असताना नाशिकसारख्या शहरातल्या शाळेत मुख्याध्यापकच विचारतात "हे कुठं लिहिलंय?"

माझा मुलगा सहावीत आहे. लासलगावला मामाकडे गेला की कांद्याचे लिलाव ऐकून क्विंटलचा हिशेब तोंडी करतो, मामा कॅल्क्युलेटर काढेपर्यंत याचं उत्तर तयार असतं. तेच वहीत लिहायला सांगा, ५६ चे ६५ होतात, "घर" चं "धर" होतं, "भाकरी" ची "माकरी", फळ्यावरून उतरवताना अधली ओळच गायब. हे आळशी पोर आहे असं मला चार वर्षं सांगितलं गेलं. मला राग येतो तो याचाच.

दिंडोरीचे गुरुजी

ताई, तुमच्या मुलाबद्दल वाईट वाटलं आणि राग योग्यच आहे, पण सरसकट तिसरीत तपासणी याला माझा विरोध आहे आणि तो मी वर्गात उभा राहून सांगतोय.

आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठ भागातून मजूर येतात, सोबत पोरं. तिकडच्या शाळेत नाव, इकडे मळ्यात राहणार, मध्येच आमच्याकडे येऊन बसणार, छाटणी संपली की परत. घरी कोकणा बोलतात. तिसरीतलं असं पोर माझ्यासमोर पुस्तक धरून गप्प बसतं तेव्हा ते अक्षम आहे, की त्याला वर्षभर सलग शाळाच मिळाली नाही, की पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला नवीन आहे, हे कोणती चाचणी सांगणार? शिकायलाच मिळालं नसेल तर ती अध्ययन अक्षमता धरायची नाही हे पुस्तकात ठीक आहे, पण यादीत नाव गेलं की गेलं. घरी निरोप जातो "पोराच्या डोक्यात काहीतरी आहे". मुलगी असली तर दुसऱ्या वर्षी शाळेतच येत नाही.

आणि नाव कळवल्यावर शिकवणार कोण? सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ ला सांगितलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरामागे एक. आमच्याकडे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक येतात, मनापासून काम करतात, पण एका माणसाकडे किती शाळा असतात ते बघा. आधी माणूस द्या. मदत आधी, कागद नंतर.

बालमानस

मी सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच काम करते. गुरुजींचा भाषेचा मुद्दा अगदी बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते कारण पालकांना हे कोणी सांगत नाही.

आयक्यूसाठी आपल्याकडे अजून जास्त करून मालिन यांची चाचणी वापरतात. ती नागपूरला भारतीय मुलांसाठी तयार झाली, १९६९ ची. त्याच्या आधीची कामत यांची बिने चाचणी १९३४ ची, मराठी आणि कन्नड मुलांवर बसवलेली. म्हणजे मराठीत काम झालंच नाही असं नाही, पण आजच्या मुलाला आपण कोणत्या काळातल्या मुलांच्या शेजारी उभं करतोय ते बघा. वाचनाच्या बाजूला २०१५ ला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं वाचनातली अडचण ओळखायचं "डाली" हे चाचणीचं साधन आणलं, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, पहिली ते पाचवीसाठी. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीतच तपासता येतं. तरीही मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला देऊन काढलेले रिपोर्ट माझ्याकडे येतात, ते बघून जीव तुटतो. पालकांनो, रिपोर्ट हातात आला की पहिलं विचारा, चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नंबर खाली आहे का.

पण गुरुजी, चाचणी अपुरी म्हणून तपासायचंच नाही हे मला पटत नाही. चांगल्या तपासणीत नुसता आकडा नसतो. मूल किती दिवस शाळेत होतं, घरी काय बोलतात, जन्माच्या वेळचं काय, जुन्या वह्या, हे सगळं आधी विचारलं जातं. तुमचं मळ्यातलं पोर त्यातच वेगळं निघतं. तपासलंच नाही तर ते कायमचं "ढ" म्हणून बसणार, आणि शिक्का म्हणाल तर तो जास्त वाईट.

मला जास्त काळजी वाटते ती ७० ते ८४ आयक्यूच्या मुलांची. तो मतिमंदत्वात बसत नाही, अध्ययन अक्षमतेतही बसत नाही. आईबाप सगळ्या पायऱ्या चढून येतात आणि शेवटी मला सांगावं लागतं की याला कुठलंच सर्टिफिकेट मिळणार नाही. मदतीची गरज मात्र वर्गात सगळ्यात जास्त त्यालाच असते.

पंचवटीकर

एक नावडता मुद्दा मांडतो. १९९६ पासून महाराष्ट्रात दहावीला या मुलांना सवलती मिळतात, जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर वगैरे. मी क्लास चालवतो, नववीपर्यंत बरी चाललेली पोरं दहावीला अचानक सर्टिफिकेट घेऊन येताना बघितली आहेत. टक्केवारीसाठी पैसे मोजायची तयारी असलेले पालक आहेत. तिसरीपासून दार उघडलंत तर फी भरू शकणाऱ्यांच्या पोरांना सवलत आणि मळ्यातल्या पोराला काहीच नाही, असं होणार. म्हणून तपासणी फक्त सरकारी दवाखान्यात व्हावी आणि कडक व्हावी.

सिडकोतली आई

पंचवटीकर दादा, तुमचाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे. दहावीत अचानक कागद उगवतो कारण तिसरी, चौथी, पाचवीची नोंदच नसते. शाळेनं आठव्या वर्षी लिहून ठेवलं असतं, वह्या जपल्या असत्या, तर नववीत कोणी खोटं आणलं तरी लगेच उघडं पडलं असतं. शिवाय २०१८ च्या सूचनांतच आठव्या वर्षीचं सर्टिफिकेट १४ ला आणि १८ ला परत तपासायला सांगितलं होतं. म्हणजे लवकर तपासणं हीच खरी चाळणी. आणि बरी चाललेली पोरं म्हणजे काय हो, किती पोरं पाठ करून, बहिणीकडून लिहून घेऊन नववीपर्यंत रेटतात, दहावीच्या तीन तासात ते निभत नाही.

फक्त सरकारी म्हणाल तर सुरगाण्याच्या बाईनं रोज बुडवून एसटीनं नाशिकला यायचं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चिठ्ठ्या घेऊन फिरायचं, आणि सायकॉलॉजिस्टची तारीख पुढची मिळाली की परत जायचं. कडक कुणासाठी झालं मग हे?

निफाडचा बाप

मी दोघांच्या मधला नाही, मी गुरुजींच्या बाजूचा आहे. माझ्या मुलाला चौथीत तपासलं, सर्टिफिकेट आहे, दिव्यांगाचं कार्ड आहे. शाळेनं काय केलं? शेवटच्या बाकावर बसवलं आणि श्रुतलेखनातून सूट दिली. म्हणजे शिकवणंच बंद. वर्गात हजेरीच्या वेळी पोरं हसायची. आता आठवीत आहे, लेखनिक नको म्हणतो, "मी माझं लिहीन" म्हणतो, पेपर अर्धा सोडून येतो. तपासणी लवकर झाली हो, पुढं काय? ताईंना अजून वाटतंय की कागद आला की शाळा बदलते. नाही बदलत.

बालमानस

दादा, शेवटच्या बाकावर बसवणं ही शाळेची चूक, तपासणीची नाही. श्रुतलेखनातून सूट देताना त्याच वेळात त्याला अक्षर-ध्वनी जोडून वेगळं शिकवायचं असतं, ते लेखी मागा. रिपोर्टमध्ये मी शेवटी "वर्गात काय करावं" हे पान शिक्षकासाठी साध्या मराठीत लिहिते: पुढं बसवा, फळ्यावरचं उतरवायला लावू नका, छापील द्या, तोंडी उत्तर घ्या, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये ते पान नसेल तर ज्यांनी दिला त्यांच्याकडे परत मागा, तुमचा हक्क आहे. मुलगा १४ चा होतोय ना, फेरतपासणीच्या वेळीच मागा, आणि लेखनिकाचं त्याच्याशी बोलून ठरवा. नुसता जादा वेळ आणि संगणकावर लिहिणं त्याला चालत असेल तर तेच मागावं.

दिंडोरीचे गुरुजी

हे पान मला आवडलं. खरं सांगायचं तर यातलं एकही काम करायला मला सर्टिफिकेट लागत नाही, सोमवारपासून करता येतं, म्हणूनच मी म्हणतो मदत आधी. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) टीम वर्षातून एकदा शाळेत येते तेव्हा डोळे आणि कान नीट बघून घ्यायचे, एवढ्यानंसुद्धा काही पोरांचं कोडं सुटतं, चष्मा लागला की वाचायला लागलेली पोरं माझ्याच वर्गात आहेत. उरतील त्यांच्या वह्या मी ठेवीन. प्रशस्त ॲपवर (शाळेनं अशा मुलांची पहिली नोंद करायचं सरकारी ॲप) मात्र त्यांची नावं टाकायच्या आधी मी दोन सत्रं थांबणार, मळ्यातली पोरं असतील तर जास्तच.

सिडकोतली आई

दोन सत्रं ठीक आहे गुरुजी, पण थांबताना पालकांना लेखी कळवा, तारीख टाकून. माझ्या मुलाच्या बाबतीत सगळे थांबलेच होते, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.