संगीत नाटकाचा शेवटचा प्रयोग पाहिलाय का कुणी? अनुभव लिहा

टाचेतलाकाटा
काल भावाच्या मळ्यात गेले होते, बाभळीचा काटा चपलेतून थेट टाचेत. वहिनीने माझा पाय मांडीवर घेतला, सुई तापवली आणि काढायला बसली. ती वाकलेली, मी खांबाला टेकलेली, आणि एकदम मुंबईचं षण्मुखानंद सभागृह आठवलं. डोळे भरून आले. वहिनी म्हणते, एवढं दुखतंय का गं? काय सांगू तिला.

'संगीत देवबाभळी'चा पाचशेवा आणि शेवटचा प्रयोग, 22 नोव्हेंबर 2023. आई आणि मी नाशिकहून गेलो होतो. नाटकाचे लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख आमच्या नाशिकचे, त्यामुळे आईला ते घरचं कार्य वाटायचं. त्याआधी चार वेळा पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी, म्हणून साबुदाणा भिजत घालून निघाली होती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: तुकोबांची भाकरी घेऊन आवली डोंगर चढते, पायात काटा रुततो, विठ्ठल येऊन काढतो. मग रखुमाई लखुबाई होऊन पोटुशा आवलीच्या घरी राहायला येते. रंगमंचावर दोघीच, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. गाणं आणि घरकाम, भांडण आणि माया, सगळं दोघींत.

तिसरी घंटा झाली तशी आईने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. देवळात आल्यासारख्या. मी काही बोलले नाही. आवली नवऱ्यावर आणि त्या काळ्यावर चिडते तिथे आई नेहमी हसायची, त्या दिवशी तिथेच रडायला लागली. संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, ही हात जोडून बसलेली. निघताना एक चपल सापडेना. चार-पाच अनोळखी माणसं मोबाईलचा उजेड पाडून खुर्च्यांखाली आईची चपल शोधत होती, आणि सगळ्यांचे डोळे लाल.

आई आता एवढा प्रवास करत नाही. तुम्ही कुणी असा शेवटचा प्रयोग पाहिला असेल तर लिहा. मराठीच पाहिजे असं नाही.

वरचीबाल्कनी
मी होतो!!! अगदी वर. आमच्या रांगेत एक वारकरी आजोबा, गळ्यात माळ, नातवाने आणलेलं. पहिल्या गाण्यापासून मांडीवर बोटांनी ताल धरला तो शेवटपर्यंत. पडदा पडल्यावर नातवाला म्हणाले, परत कधी आहे? त्याने सांगितलं, नाहीये आता. आजोबा गप्प. जिन्यात पुन्हा विचारलं त्यांनी.
कुकर लावलाय, नंतर लिहितो

हळदकुंकू
काटा पूर्ण निघाला का गं? बाभळीचं टोक आत राहिलं तर पिकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घे आधी, नाटक नंतर 🙏

टाचेतलाकाटा
निघाला ताई. वहिनीने तळहातावर ठेवून दाखवला, अर्ध्या नखाएवढा. इंजेक्शन आज घेते.

जर्सीकर
मराठीच पाहिजे असं नाही म्हणालीस म्हणून. 'फँटम ऑफ द ऑपेरा'. ब्रॉडवेवर मॅजेस्टिक थिएटरात 1988 च्या जानेवारीपासून चाललेलं. बंद होणार अशी बातमी आली, शेवटची तारीख 18 फेब्रुवारी 2023. आम्ही दोघांनी जिवाचा आटापिटा करून त्याच रात्रीची तिकिटं काढली. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा बाहेर नेलं ते याच नाटकाला, म्हणून. आणि मग लोकांची एवढी झुंबड उडाली की त्यांनी मुदतच वाढवली, 16 एप्रिलपर्यंत. म्हणजे आमचा शेवटचा प्रयोग शेवटचा राहिलाच नाही. तरी गेलो. ते मोठं झुंबर वर चढायला लागतं, खालून वाद्यं अंगावर येतात, आणि बायकोने माझा हात धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही.
16 एप्रिलची काही मिळाली नाहीत. तरी त्या संध्याकाळी 44व्या रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. आमच्यासारखे बरेच जण. आत 13,981वा प्रयोग चाललेला, आणि आम्ही बाहेर डब्यातली पोळीभाजी खात होतो. बायको हळू आवाजात गाणी म्हणत होती, कुठल्या क्षणी आत काय चाललं असेल त्याचा अंदाज धरून.

हळदकुंकू
किती गोड. वहिनींना नमस्कार सांगा

पंचगंगा
आम्हाला माहीतच नव्हतं की शेवटचा आहे. कोल्हापूर, केशवराव भोसले नाट्यगृह. बाबांना घेऊन गेलो होतो, नाट्यपदांसाठी बाबा कुठेही येतात. लाकडी रंगमंच, शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, त्याचं आधीचं नाव पॅलेस थिएटर. बाबा दर वेळी रंगमंचाकडे बोट दाखवून तीच गोष्ट सांगणार, की त्यांच्या आजोबांनी इथे काय काय पाहिलं. मी म्हणाले बाबा बास, सुरू होतंय.
8 ऑगस्ट 2024 ला रात्री आग लागली. आम्ही गच्चीवरून धूर बघत होतो. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्ट, ज्यांचं नाव थिएटरला दिलंय त्या गायकनट केशवरावांची जयंती. बाबा सकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून चालत तिकडे गेले. तासाभराने आले ते कुणाशी बोलले नाहीत. सदऱ्याच्या बाहीला काजळी होती, आईने तो धुतला नाही दोन दिवस.
त्या दिवशी गोष्ट पूर्ण सांगू द्यायला हवी होती मी.

पायपेटी
पंचगंगा, वाचून गलबललं. केशवरावांचंही तसंच झालं ना. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. आणि 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, वय अवघं 31. त्या रात्री थिएटरात बसलेल्यांना काय कल्पना असणार.

माझा अनुभव प्रेक्षकातला नाही, ऑर्गनवरचा. आमचं हौशी मंडळ, सांगली. आम्हीही मानापमानच करायचो. आमच्या धैर्यधराची बदली झाली आणि भामिनीचं लग्न ठरलं (दुसऱ्याशी 😄), तेव्हा हा शेवटचा असं ठरवून केलेला प्रयोग. दुसऱ्या अंकात ऑर्गनच्या पायट्याचा पट्टा तुटला. ऑर्गनला खाली दोन पायटे असतात, पट्ट्याने भात्याला जोडलेले, एक गेला की वारा अर्धा. एका पायाने मारत राहिलो, पण लांब तान आली की सूर बसायला लागायचा. भामिनीला ते कळलं. तिने माझ्याकडे न बघता ताना आखूड केल्या, लोकांना पत्ता नाही. अंक पडला तसा आमचा पडदा ओढणारा पोरगा आला, कमरेचा चामडी पट्टा काढला आणि ऑर्गनखाली पालथा पडून बांधून दिला. पुढचं सगळं नाटक तो एका हाताने पँट धरून पडदा ओढत होता.
तिसऱ्या अंकात ती पूर्ण मोकळी गायली. दोन वन्समोअर.

वरचीबाल्कनी
वाह काका! भाता मी पुस्तकातच वाचला होता.
(कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात पार लगदा)

माडाखाली
आमच्याकडे गोंयात देवळाच्या उत्सवाला संगीत नाटक हवंच, गावचेच नट. माझे काका सौभद्रातला कृष्ण करायचे. पालखी, आरती, तीर्थप्रसाद होऊन नाटक सुरू व्हायलाच मध्यरात्र उलटायची. बायका चटया आणि पोरांची पांघरुणं घेऊन येऊन बसायच्या.
शेवटच्या वर्षी काका अडुसष्ट. डॉक्टरांनी नको म्हटलेलं, काकीने गरम पाण्याचा थर्मास विंगेत धरलेला. 'प्रिये पहा' सुरू केलं, म्हणजे रात्र सरून उषःकाल होतोय ते पद, आणि खरंच माडांच्या मागे उजाडायला लागलं होतं. देवळामागे कोंबडा आरवला. कुणी हसलं नाही. काकांनी तेवढा वेळ सूर धरून ठेवला आणि मग पुढची ओळ घेतली.
पुढच्या वर्षी कृष्ण दुसऱ्याने केला, चांगला केला. काका पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होते.

हळदकुंकू
अंगावर काटा आला. (बाभळीचा नव्हे)

सदाशिवपेठ
गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदार. पुण्यात त्यांना 'स्वरसाम्राज्ञी' नाटकात पाहिलं तेव्हा मी कॉलेजात होते, आत्येने जबरदस्तीने नेलेलं. पुन्हा बघू कधीतरी म्हणत राहिले. 22 जानेवारी 2022 ला सकाळी त्या गेल्याची बातमी आली. आत्येला फोन केला, दोघींनी फोनवरच पदं लावून ऐकली, एकमेकींना ऐकू येईल असा फोन धरून. बाकी काही बोललो नाही.

जर्सीकर
पायपेटीकाका, आमच्या महाराष्ट्र मंडळात एक जुना ऑर्गन पडून आहे, कुणीतरी भारतातून आणलेला. तीन सूर वाजतच नाहीत. इथे कुणाला जमत नाही. फोटो पाठवू का?

पायपेटी
पाठवा की. सुरांच्या पट्ट्यांवर धूळ बसली असेल बहुतेक. मऊ कुंचल्याने झाडायचं, फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ पितळेला लागते. आणि पायट्याचे पट्टे आधी बघा, तडे गेलेत का.

टाचेतलाकाटा
काका, त्या पोराचा पट्टा परत दिला का?

पायपेटी
नवा घेऊन दिला त्याला. त्याचा जुना अजून माझ्या ऑर्गनलाच आहे. बक्कल डाव्या बाजूला, पाय मारला की बारीक वाजतं. दुरुस्तीवाला दर वेळी म्हणतो काढू का, मी राहू दे म्हणतो.