शब्दचर्चा : अग्निशमन दल महापालिकेच्या अखत्यारीत, अधीन की देखरेखीखाली?

प्रश्न
नागपूरच्या अग्निशमन केंद्रांवर टिपण लिहायला घेतलं. गंजीपेठेपासून सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला अडलो. 'दल महापालिकेच्या अखत्यारीत आहे' लिहू, 'अधीन' की 'देखरेखीखाली'? छापील मजकुरात तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी दिसतात.

उत्तर
भाऊ, हे तिन्ही एक नाहीत. 'अखत्यार' म्हणजे अरबी 'इख्तियार', स्वतः ठरवायचा हक्क. माणसं कोण नेमणार, गाड्या कोण घेणार, केंद्र कुठे उघडायचं, हे सगळं त्यात आलं. 'देखरेख' म्हणजे नुसती नजर. ठरवणारा दुसराही असू शकतो. 'अधीन' हा शब्द अखत्याराचंच नातं खालच्या बाजूने सांगतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. तिथे आग विझवण्याचं काम आधी पोलिसांकडे होतं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पालिकेकडे आलं. असा बदल सांगताना 'देखरेख बदलली' लिहिलं तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. बदलला तो अखत्यार.

नागपूरची नगरपालिका १८६४ची, महापालिका १९५१ची. ७४व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी संस्थांच्या विषयांत घातलं. तेव्हा प्रशासनापुरतं 'महापालिकेच्या अखत्यारीत' बिनधास्त लिहा. पण २००६चा 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम' विसरू नका, तो २००८च्या डिसेंबरात लागू झाला. इमारत तपासणं, नोटीस देणं हे अधिकार त्या राज्य कायद्यातून येतात, आणि वर राज्याच्या अग्निशमन सेवांचे संचालकही आहेत. या कामाबद्दल लिहाल तेव्हा नुसतं 'महापालिकेच्या अखत्यारीत' अपुरं पडेल. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या इमारतीत आग लागली की जाब कोणाला विचारायचा, हे या एका शब्दावर ठरतं.

आणखी एक
काकांचं वरचं उत्तर पटलं. 'दल' की 'विभाग' याबद्दल माझं थोडं. महापालिकेत त्याचं नाव 'अग्निशमन व आणीबाणी सेवा विभाग'. फाईल, बदली, बजेट लिहाल तेव्हा विभाग. आगीवर धावून जातात ते दल. 'शमन' ही क्रिया, 'शामक' म्हणजे विझवणारा. म्हणून भिंतीवरचं लाल नळकांडं अग्निशामक.

आमच्याकडे आजी 'बंब आला' म्हणायची, शेजारचे हिंदीवाले 'दमकल'. बंब पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, म्हणजे पंप. दमकलही मुळात पंपच! दोन्ही भाषांनी पाणी फेकणाऱ्या यंत्राचंच नाव अख्ख्या गाडीला दिलं, हे मला फार आवडतं. टिपणात एकदा तरी 'बंब' येऊ द्या.

आणि नागपूरचं फायर कॉलेज, म्हणजे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, तुमच्या 'अखत्यारीत'च्या वाक्यात ओढू नका. ते १९५६ साली रामपूरला सुरू झालं, १९५७ला नागपुरात आलं. शहरात असलं तरी ते केंद्रीय गृह मंत्रालयाचं आहे.

प्रश्नकर्ता
ताई, काका, मनापासून आभार. वाक्य असं केलं : 'दल महापालिकेच्या अखत्यारीत आहे, इमारतींच्या तपासणीचे अधिकार मात्र त्याला राज्याच्या कायद्याने मिळतात.' गंजीपेठेच्या परिच्छेदात बंबही घेतो.