मिलेनियम फोर्सवर पुढे बसू की मागे?

उंचीला_घाबरणारा
सीडर पॉइंटला जाणं होतंय (अमेरिकेतलं अम्युझमेंट पार्क, ओहायोत, लेक ईरीच्या काठावर) आणि बरोबरची मंडळी तिथल्या मिलेनियम फोर्स या रोलर कोस्टरशिवाय काही ऐकायला तयार नाहीत. ९४ मीटर उंच, ताशी १५० किमी, पहिला उतार ८० अंशांचा म्हणजे जवळजवळ सरळ खालीच की. बसणार तर आहे, आता माघार घेतली तर वर्षभर टोमणे खावे लागतील. पण पुढे बसू की मागे? एक जण म्हणतो पुढे जास्त फाटते, दुसरा म्हणतो मागे. अरे पण डबे सगळे एकमेकांना जोडलेले, मग स्पीड सगळ्यांना सारखाच ना? आणि व्हिडिओत बघितलं तर खांद्यावरून येणारा बार पण नाहीये, नुसता मांडीवर बार आणि पट्टा. एवढं पुरतं??

रूळवाला
स्पीड सारखाच असतो पण त्या एका क्षणाला, आणि त्या क्षणाला प्रत्येक डबा वेगळ्या जागी असतो, सगळी गंमत तिथेच आहे. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागचे डबे अजून चढावरच असतात, त्यामुळे पुढचे लोक खाली तोंड करून लटकतात आणि जमीन निवांत बघतात. मग वजन उतारावर आलं की गाडी सुटते, शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत चांगलाच वेग आलेला असतो. टेबलाच्या कडेवरून साखळी घसरायला लागली की शेवटचं टोक कसं सपकन जातं, तसा तो ओढला जातो. बूड सीटवरून उचललं जातं ते तिथे. बाकी एकदा माथा ओलांडला की मोटरचं काम संपलं, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण. ९१ मीटर पडलं तर हिशोबाने ताशी १५२ किमी येतात, आणि पार्क १५० सांगतं, म्हणजे घर्षण-वाऱ्यात फार काही जात नाही.

हवेत_बूड
वरचं बरोबर आहे पण ते पहिल्या उतारापुरतं. पुढच्या टेकड्यांवर गाडी वेगातच येते, तिथे पुढचा डबा चढाच्या शेवटी उचलला जातो आणि मागचा उतार सुरू होताना. दोघांनाही मजा, फक्त जागा वेगळी. बिचारा मधला डबा, तो माथ्यावर येतो तेव्हा गाडी सगळ्यात हळू असते. मला विचारशील तर मागेच बस. पुढे वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं आणि एवढी रांग लावून अर्धा उतार डोळे मिटूनच जातो.

नटबोल्ट
बारचं सांगतो. खांद्यावरचा बार लागतो तो उलटं करणाऱ्या राइडला, तेही सगळ्या नाही. मिलेनियम फोर्समध्ये लूप नाही, वळणं मात्र ९० अंशांच्याही पुढे कलंडलेली आहेत, पण तिथे वेगामुळे तू सीटवर दाबला जातोस, बाहेर फेकला जात नाहीस. पडायची भीती असते ती टेकडीवर उचललं जाताना, आणि तेव्हा मांडी धरून ठेवली की माणूस कुठे जात नाही. तेच गाडीचं. चाकं तीन बाजूंनी असतात, वर, बाजूला आणि रुळाच्या खाली. खालची चाकं लोकांना दिसत नाहीत म्हणून वाटतं गाडी उडेल.

उंचीला_घाबरणारा
बरं. आणि चढताना मध्येच गाडी ओढणारी केबल तुटली तर? 🙈

नटबोल्ट
गाडी मागे घसरू नये म्हणून चढावर वेगळी सोय असते. साखळीवाल्या जुन्या कोस्टरवर चढताना जो खट्‌ खट्‌ आवाज येतो तो त्याचाच. आणि शेवटचे ब्रेक चुंबकाचे आहेत, घासायचं काही नाही, वीज गेली तरी वेग कमी करतातच. गाडी उलटी मागे येणं बघायचं असेल तर ते ‘किंगडा का’ नावाच्या कोस्टरवर व्हायचं, १३९ मीटरचा तो मनोरा, गाडी खालून ताशी २०६ किमीने फेकायचे. वारा असला की कधीकधी माथा गाठायची नाही आणि आली तशी खाली. तेव्हा थांबवायला रुळावर चुंबकी ब्रेक वर यायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत पाडला तो, मला अजून वाईट वाटतं.

रूळवाला
मिलेनियम फोर्सचं पण वाईटच झालं म्हणा. २००० च्या मे मध्ये सुरू झाली, पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरमध्ये ३०० फुटांच्या वर जाणारी पहिलीच, आणि ऑगस्टमध्ये जपानच्या नागाशिमा स्पा लँडने ९७ मीटरची स्टील ड्रॅगन २००० काढली. उंचीचा रेकॉर्ड तीन महिने पण टिकला नाही.

हवेत_बूड
मोबाइल-टोपी वर नेऊ नकोस. आणि दुपारनंतर बस, चाकं गरम झाली की कोस्टर जरा जास्त पळतात.

उंचीला_घाबरणारा
म्हणजे सकाळीच उरकतो. आणि ठरलं, मधला डबा.

हवेत_बूड
मधला डबा माथ्यावर हळू असतो, तळाला नाही 😂 गाडी मधोमध तळाला आली की वेग सगळ्यात जास्त, तिथे सीटमध्ये सगळ्यात जोरात दाबला जाणार तो तूच.