एमएम 540 ची चेसिस सडली, घरच्या शेडमध्ये बदलता येईल का?

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची जीप एमएम 540, 1994 ची, पासिंग एमएच 19, इंजिन प्यूजोचं 2112 सीसी. बाबांनी घेतलेली आहे. 2024 ला रिन्यूअल झालं, म्हणजे 2029 पर्यंत कागदाला काही धक्का नाही. धक्का खालून बसलाय.

परवा मागचं चाक काढायला चेसिसखाली, म्हणजे बॉडी ज्यावर बसते त्या लोखंडी सांगाड्याखाली, जॅक लावला. दोन पंप मारले तरी गाडी उचलेना. वाकून बघतो तर जॅकचं डोकं चेसिसच्या आत घुसलेलं. पापड मोडल्यासारखा तुकडा हातात आला, त्यात काळी माती भरलेली, वरून कोरडी पण आत ओलसर. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोचत गेलो. मागच्या शॅकलच्या (पाट्याची स्प्रिंग चेसिसला अडकते त्या कडीच्या) वर दीडेक फूट दोन्ही बाजूंनी गेलंय, मागचा क्रॉस (दोन बाजू जोडणारा आडवा दांडा) तर नुसता रंगावर उभा आहे. कोकणातली गाडी असती तर समजलो असतो. इथे मे महिन्यात उन्हातला पाना हातात धरवत नाही, गंज आला कुठून?

घाई झाली ती अशी की मालेगावच्या एका भंगारवाल्याकडून 540 चीच चेसिस उचलून आणलीसुद्धा. 22 हजार, टेम्पोचे साडेचार वेगळे. काळा रंग, एकदम चकचकीत. आता बॉडी उचलायची आहे. खळ्यात पत्र्याचं शेड आहे, बाहेर मोठा लिंब आहे, चेनकुप्पी (वजन उचलायची साखळीची कप्पी) मित्राकडून मिळेल. मी, चुलतभाऊ आणि सालदार असे तिघे आहोत. जमेल का? आणि जुन्या चेसिसचा नंबर कापून नव्यावर वेल्ड केला तर चालतं असं आमचा वेल्डर म्हणतो.

बाबा म्हणतात विकून टाक. आणि रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसतात.

धुळेकर_18

वेल्डरचं ऐकू नका, भाऊ. नंबरचा तुकडा कापून दुसऱ्या चेसिसवर चिकटवला की गाडी कागदोपत्री संशयित झाली. पासिंगला इन्स्पेक्टर नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतो, आजूबाजूला वेल्डची रेघ दिसली की विषय संपला. चोरीच्या गाड्यांना हेच करतात. मग तुम्ही रावेरचे केळीवाले आहात हे कुणाकुणाला पटवून देणार?

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 वाचा. पूर्ण चेसिस बदलायची तर आधी आरटीओत लेखी अर्ज, त्यासोबत दुसऱ्या चेसिसचं बिल आणि ती ज्या गाडीची होती तिचे कागद. भंगारवाल्याने बिल दिलंय का? बहुतेक नसेलच.

डेपोवाले_काका

31 वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपला काढली, चेसिसखालीच केस पांढरे झाले. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी गंजाचं. तुझ्या नावातच उत्तर आहे. या गाडीतून केळीच्या खताच्या, पोटॅशच्या गोण्या वाहिल्या असशील. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फाटते, दाणे फ्लोअरच्या फटीतून खाली चेसिसवर पडतात, तिथे आधीच काळी माती बसलेली असते आणि ती ओल सोडत नाही. वर तू गाडी धुतोस तेव्हा बॉडी धुतोस, चेसिसच्या आत पाइप कोण घालतो? रावेर-यावलकडच्या ट्रॉल्यांचे पत्रे बघ, सगळ्यांची हीच गत. गाडी उकिरड्याजवळ उभी राहत असेल तर विचारूच नको.

आता नवी चेसिस. चकचकीत रंग बघून तू घेतलीस, मी त्याच रंगामुळे घेतली नसती. लहान बॉलपीन हातोडी घे आणि वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. खाली पुट्टी असेल किंवा सडका असेल तर आवाज मेलेला येतो. मग टेप लाव. 540 चा व्हीलबेस 91 इंच. जुन्या सीजे-3बी जीपचा 80 असतो आणि मधे तुकडा घालून लांब केलेल्या चेसिसही बाजारात फिरतात.

खरी परीक्षा कर्णाची. चेसिस लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेव. गवंड्याच्या लेव्हल नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आण. तीन कोपरे जुळून चौथा जुळत नसेल तर चेसिस पिळलेली आहे, कर्ण मोजायचीही गरज नाही. जुळले तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या चारही बोल्टांच्या मध्यावरून ओळंबा सोड, खाली फरशीवर खडूने फुली मार, चेसिस बाजूला कर आणि फुल्यांमधले दोन्ही कर्ण मोज. चेसिसवरच टेप लावशील तर मधे क्रॉस येतात आणि टेपला पोट येतं. फरशीवर खोटं बोलायला जागा नाही. चार-पाच मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, त्याच्यावर नाही. ज्याने हे न करता बॉडी चढवली त्याची गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते आणि तो टायरवाल्याला शिव्या देतो.

लिंबाच्या फांदीला चेनकुप्पी लावू नकोस. लिंब वाऱ्यात मोडत नाही म्हणून लोक भरवसा ठेवतात, पण वजन एका जागी लटकतं तेव्हा फांदी सांगून मोडत नाही. तीन जाड पाइपांची तिवई कर. बॉडी उचलण्याआधी आत आडवा अँगल मार, नाहीतर टप (बॉडीचा मधला डबा) उघडतो आणि परत बसवताना एकही भोक जुळत नाही.

आधी मोज. मग कळव.

शिरपूरचा_भिडू

भाऊ, मन्ही जिप्सी बी आशीच सडनी व्हती. जिप्सीची चेसिस चारही बाजूंनी बंद, आत शिरलेलं पाणी बाहेर यायचं नाव घेत नाही. आम्ही दोन महिन्यात संपवू म्हटलं आणि सव्वा वर्ष लागलं. बोल्ट सुटता सुटत नाहीत, हे आधीच गृहीत धर. आठवडाभर आधीपासून रोज डिझेल सोडत जा, तरी निम्मे ग्राइंडरनेच कापावे लागतील. यू-बोल्ट जुने परत वापरू नको. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगला चिठ्ठ्या बांध. त्या उंदरांनी खाल्ल्या तर शेडमध्ये मांजर पाळ (आम्ही पाळली).

केळीवाला_रावेर

काका, मोजलं. सकाळी सहालाच बसलो, बाबा ओळंबा धरून.

व्हीलबेस बरोबर, चारही कोपरे एका पातळीत. पण कर्णात 14 मिलिमीटर फरक. तीनदा मोजला, तिसऱ्यांदा बाबांनी टेप स्वतःच्या हातात घेतला. मग हातोडी. मागचे साडेतीन फूट टण्ण. पुढे डाव्या हॉर्नला (चेसिसच्या पुढच्या टोकाला) आवाज बदलला, खरवडलं तर पुट्टी आणि पुट्टीखाली वेल्डच्या गाठी. समोरून ठोकलेली गाडी आहे. भंगारवाल्याला फोन केला, तो म्हणतो "बघून नेली ना भाऊ." बिल तर नाहीच.

गाडीत पोटॅश वाहिलाय, हो. 15 वर्षं. मागच्या सीट काढून.

डेपोवाले_काका

बरं झालं, बॉडी चढवल्यावर नाही कळलं. आणि 22 हजार सगळे बुडाले नाहीत.

तुझ्या मूळ चेसिसचा पुढचा भाग ठोकून बघ. टण्ण वाजला तर पूर्ण चेसिस बदलूच नको. विकतच्या चेसिसचा मागचा चांगला भाग काप आणि तुझ्या चेसिसला जोड. नंबर पुढे आपल्या जागी राहतो, त्याला कुणी हात लावायचा नाही. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत सांगून ठेव, धुळेकर म्हणतो ते खरं आहे.

सांधा शॅकलच्या ब्रॅकेटजवळ नको, वीतभर तरी लांब. सरळ उभा काप घेऊ नको, तिरपा घे. जोडल्यावर आतून पट्टी मार आणि तिची टोकं पतंगासारखी निमुळती ठेव, चौकोनी ठेवलीस तर चेसिस पट्टीच्या कडेलाच तुटते. वेल्डिंगचा रॉड 7018, कोरडा, उन्हात नाही, भट्टीत तापवलेला. गावातल्या वेल्डरला हे जमत नसेल तर सांधा तेवढा चांगल्या माणसाकडून करून घे, बाकी घरी कर. आणि वेल्डचे नुसते टाके मारल्यावर, पूर्ण वेल्डच्या आधी ओळंबा परत सोड.

केळीवाला_रावेर

पुढचा भाग वाजला, काका. शेवटपर्यंत टण्ण. पोळ्यानंतर सुरुवात करतो, तोवर शेडमध्ये बैलं आहेत. आतून काळं तेल (इंजिनचं जळकं ऑइल) सोडू का? इथे सगळे तेच करतात.

डेपोवाले_काका

काळं तेल रबरी बुशांवर उतरतं आणि बुश फुगतात. आधी आतली माती पाण्याच्या जोराने काढ, दोन दिवस वाळू दे, रेड ऑक्साइड, मग मेण पातळ करून सोड. खालची निचऱ्याची भोकं मेणाने बुजली तर खिळ्याने मोकळी कर.

आणि वेल्डिंगच्या आधी डिझेलची टाकी उतरव. रिकामी असली तरी.