वीस हजारांत वेरूळपर्यंत जाण्यासाठी कोणती सायकल घ्यावी?

रविवारचा_स्वार (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना नमस्कार. माझे वय पन्नाशीच्या आसपास, उंची 5 फूट 6 इंच आणि वजन 84 किलो आहे. पावसाळा संपल्यापासून शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन रविवारी सकाळी बाहेर पडतो. सुरुवातीला पडेगाव-मिटमिट्यापर्यंतच जात असे. गेल्या रविवारी मात्र शरणापूर फाट्यावरून दौलताबादकडे वळून, किल्ल्यापुढचा घाट चढून खुलताबादला पोहोचलो आणि तेथून उतारावरून वेरूळ गाठले. अंतर जेमतेम 30 किलोमीटर आहे, परंतु घाटात जागोजागी उतरून सायकल ढकलावी लागली आणि दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा समोरच्या बाजूने दुखत होता.

आता शेजाऱ्यांना त्यांची सायकल हवी आहे आणि मला माझी. हेल्मेट, दिवे व कुलूप धरून एकूण खर्च 20,000 रुपयांच्या आत असावा. रस्ता बहुतांशी डांबरी आहे, फक्त घरापासूनचा थोडा भाग कच्चा आहे. आठवड्यातील इतर दिवशी हीच सायकल पत्नीही चालवणार आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे. ज्यांनी अलीकडे मराठवाड्यात कोठेही फेरी केली असेल, त्यांनी आपली सायकल आणि अनुभव दोन्ही सांगावेत.

हवेशी_स्पर्धा (छत्रपती संभाजीनगर)

साहेब, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. वीस हजारांत सायकल मिळत नाही, सायकलसारखी दिसणारी वस्तू मिळते. मी 85 हजारांची रोड बाइक घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि 28 मिलिमीटरचे टायर. त्याच सायकलवर गेल्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची फेरी, पूर्ण केली. त्यासाठी साडेतेरा तासांची मुदत असते. माझ्याकडे भरपूर वेळ शिल्लक होता. गेल्या आठवड्यात पहाटे बिडकीनमार्गे पैठणला जाऊन नाथसागराचा बांध पाहून नाश्त्याला घरी परतलो. अंदाजपत्रक किमान 60 हजारांपर्यंत वाढवावे, अन्यथा दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन येथे यावे लागेल.

बालाघाट (बीड)

ज्याला आपल्या भागातील रस्ते ठाऊक आहेत, तो रोड बाइक सुचवणार नाही. पुढे शॉकअप असलेली, जाड टायरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घ्यावी. मी दिवाळीनंतर बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून कपिलधारला गेलो होतो. धबधब्याला पाणी कमी होते, परंतु आतल्या रस्त्यावरची खडी आणि खड्डे पाहता पातळ टायरची सायकल खांद्यावरच घ्यावी लागली असती. राहिला दौलताबादचा घाट, तर त्याला आम्ही बीडकर घाट म्हणत नाही, चढण म्हणतो. एमटीबी घ्या आणि निश्चिंत व्हा.

मांजरा_काठ (लातूर)

गिअरचे हे फॅड आल्यापासून दुकानदारांची चंगळ झाली आहे. माझ्याकडे वडिलांच्या काळातील काळी, दांडीची सायकल आहे. तिच्यावर मी आजही लातूरहून औशाच्या किल्ल्यापर्यंत जातो आणि परत येतो. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. गिअर नाही, डिस्क ब्रेक नाही, आणि गुडघाही दुखत नाही. तशी सायकल आजही सहा-सात हजारांत मिळते, मात्र पूर्वीची मजबुती उरली नाही. ॲटलाससारख्या कंपनीने साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद केला, यावरून काय ते समजावे.

जुनी_चेन (जालना)

माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे विकत घेणाऱ्याच्या नव्हे तर दुरुस्त करणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

प्रथम गुडघ्याविषयी. समोरच्या बाजूने दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक आपोआप राहतो. शेजाऱ्यांची उंची आपल्यापेक्षा कमी असेल, तर निम्मे उत्तर येथेच मिळाले.

उरलेले निम्मे चेनच्या चक्र्यांच्या दात्यांमध्ये आहे. लातूरच्या काकांच्या काळ्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. लातूर-औसा रस्त्यावर ते चालून जाते. घाटात मात्र प्रत्येक फेऱ्याला शरीराचे सगळे वजन गुडघ्यावर येते. ज्या सायकलच्या पुढच्या लहान चक्रीला 28 आणि मागच्या मोठ्या चक्रीलाही 28 दाते असतात, तिच्यात पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते. वेग कमी होतो, पण चढ बसून चढता येतो. म्हणून दुकानात गिअर किती आहेत हे विचारण्यापेक्षा या दोन चक्र्यांचे दाते मोजावेत. पुढे एकच मोठी चक्री असलेली सात गिअरची सायकल शहरात छान चालते. 84 किलो वजन घेऊन घाटात ती गुडघा दुखवणारच.

टायरच्या बाबतीत 28 मिलिमीटरही नको आणि एमटीबीचे खडबडीत टायरही नकोत. डांबरी रस्त्यावर खडबडीत टायरची घरघर ऐकू येते, ती आपलीच ताकद वाया जात असल्याचा आवाज असतो. 35 ते 40 मिलिमीटरचे, मधे गुळगुळीत आणि कडेला नक्षी असलेले टायर योग्य ठरतील. स्वस्त शॉकअपमुळे वजन वाढते आणि चढावर उभे राहून पेडल मारताना पुढचा भाग नुसता खाली-वर होतो, म्हणून साधा फोर्क घ्यावा.

शेवटचे, आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचे: काटे. पाऊस संपला की रस्त्याकडेचे सराटे वाळतात, आणि वेड्या बाभळीचा काटा तर बाराही महिने असतो. वाहन आले म्हणून साइडपट्टीवर सायकल उतरवली की पंक्चर ठरलेले. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जाड पट्टी बसवून घ्यावी किंवा ट्यूबमध्ये काटेरोधक द्रव भरावा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घेतली तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला वेगळा पंप किंवा पितळी अडॅप्टर लागतो आणि खेड्यात तो कोणाकडे नसतो.

हवेशी_स्पर्धा (छत्रपती संभाजीनगर)

28 मिलिमीटरच्या टायरवर मी पैठण, जालना आणि म्हैसमाळ असे सर्वत्र फिरलो आहे. हवेचा दाब नीट ठेवला तर पंक्चर होत नाही. बीडच्या मित्रांनी दौलताबादच्या घाटाला नावे ठेवण्याआधी खुलताबादहून उजवीकडे वळून म्हैसमाळला जाऊन पाहावे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असलेले ते ठिकाण आहे आणि शेवटच्या चढावर मोटारसायकलीही कुरकुरतात.

बालाघाट (बीड)

म्हैसमाळला मी जाऊन आलो आहे. रस्ता वळणांचा आहे हे मान्य, परंतु मांजरसुंब्याच्या घाटात धुळे-सोलापूर महामार्गाच्या मालमोटारी अंगावर घेत चढावे लागते, तो ताण म्हैसमाळच्या रिकाम्या रस्त्यावर कोठून येणार? आणि काट्यांचा दाबाशी संबंध नसतो. काटा दाब विचारून घुसत नाही.

गोदामाय (नांदेड)

मूळ प्रश्न बाजूला राहू नये म्हणून लिहिते. आम्ही काही मैत्रिणी पहाटे विष्णुपुरी धरणापर्यंत जातो आणि मधूनमधून कंधारच्या किल्ल्यापर्यंतची मोठी फेरी करतो. माझ्याकडे हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधली सायकल आहे, टायर 38 मिलिमीटरचे आहेत आणि माझेही मत असे की यापेक्षा पातळ टायर घेऊ नयेत.

येथे अजून कोणीही दिव्यांविषयी लिहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. सध्या गाळप हंगाम सुरू आहे. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला उभा असतो, मागे लाल दिवा नसतो, परावर्तक असला तरी तो उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. गेल्या महिन्यात अशाच एका ट्रॉलीच्या अगदी जवळ गेल्यावर ती मला दिसली. म्हणून पुढचा दिवा हा केवळ आपण दिसावे म्हणून नव्हे, तर आपल्याला दिसावे म्हणून घ्यायचा असतो. दीड-दोन हजार रुपये हेल्मेट आणि दिव्यांसाठी आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्या पैशांत सायकल पाहावी. दुकानात गेल्यावर नेमका उलटा क्रम होतो.

कुत्र्यांबाबतही एक सांगते. पाठलाग सुरू झाल्यावर वेग वाढवू नये. थांबून, उतरून, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालू लागले की बहुतेक कुत्री भुंकून परत जातात.

निवृत्त_अभियंता (परभणी)

पन्नाशी आणि गुडघेदुखी म्हटल्यावर इलेक्ट्रिक सायकलचा विचार व्हायला हवा होता. 250 वॉटपर्यंतची मोटार आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असेल, तर नोंदणी लागत नाही. माझी 38 हजारांना पडली. चढावर ती अक्षरशः ढकलते. जाता जाता एक प्रश्न विचारतो: एवढा समृद्धी महामार्ग बांधला, त्याच्या कडेने सायकलींसाठी एक पट्टी का ठेवली नाही?

जुनी_चेन (जालना)

समृद्धीवर मोटारसायकललाही परवानगी नाही, सायकल तर दूरच. आणि साहेब, बॅटरी संपल्यावर तीच सायकल घाटात वीस-बावीस किलो वजनाची होते. शिवाय प्रश्नकर्त्यांनी 20 हजार म्हटले आहे, हे आतापर्यंत फक्त लातूरच्या काकांनी पाळले.

रविवारचा_स्वार (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. जालन्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे टाच ठेवून पाहिली. सीट खरोखरच बरीच खाली होती. ती वर केल्यावर या रविवारी गुडघा दुखला नाही. घाट मात्र पूर्वीइतकाच कठीण वाटला. त्या सायकलला पुढे एकच चक्री आहे आणि तिचे दाते 42 भरले.

60 हजार आणि 38 हजारांच्या सूचना वाचल्या. त्या माझ्या ऐपतीबाहेरच्या आहेत. आता हायब्रिड आणि एमटीबी यांतच निवड करायची आहे. सायकलींवरील जीएसटी कमी झाला असे ऐकले, ते खरे आहे काय?

गोदामाय (नांदेड)

खरे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. दुकानात जुना साठा असेल तरी बिलावर नवा दरच लागला पाहिजे, तेवढे तपासून घ्यावे.

मांजरा_काठ (लातूर)

कर कमी झाला तरी दुकानदार किंमत कमी करत नाहीत. मी अजूनही सांगतो, साधी सायकल घ्या आणि घाटात उतरून चाला. पूर्वी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक पायीच जात आणि श्रावणात शुक्रवारी रात्री आजही हजारोंनी जातात. कोणाचे काही अडत नाही.

हवेशी_स्पर्धा (छत्रपती संभाजीनगर)

जुनी वापरलेली रोड बाइक 20 हजारांत मिळू शकेल. माझ्या ओळखीत एक आहे, फक्त फ्रेम आपल्या उंचीच्या मानाने थोडी मोठी पडेल.

जुनी_चेन (जालना)

मोठी फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नये. सीट वर-खाली करता येते, पण हँडलपर्यंतचे अंतर फारसे बदलत नाही. पाठ आणि मनगटे दोन्ही धरतील.

रविवारचा_स्वार (छत्रपती संभाजीनगर)

काल सायकल घेतली आणि आज सकाळी खुलताबादपर्यंत जाऊनही आलो, म्हणून हा धागा पूर्ण करतो.

मी बिनदांडीची, म्हणजे दुकानदार ज्याला लेडीज सायकल म्हणतात ती घेतली आहे. पुढे तीन आणि मागे सात चक्र्या आहेत. दोन्हीकडचे दाते दुकानातच मोजून घेतले: पुढची लहान 28 आणि मागची मोठीही 28. टायर 38 मिलिमीटरचे आहेत, फोर्क साधा आहे. 5 टक्के कर धरून 16,900 रुपये झाले आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट, दोन्ही दिवे, कुलूप आणि टायरमधल्या पट्ट्या बसल्या. येथे कोणीही ही सायकल सुचवली नव्हती, परंतु येथे कोणी पत्नीचाही विचार केला नव्हता. तिची उंची 5 फूट 1 इंच आहे आणि दांडीच्या सायकलवर ती साडी नेसून बसणार नाही. एकाच सायकलवर दोघांनी आळीपाळीने बसायचे असेल, तर दांडी नसलेलीच योग्य असे आम्हा दोघांचे मत पडले. मला स्वतःलाही घाटात थांबल्यावर पाय उंच करून पुन्हा बसण्याची कसरत करावी लागली नाही.

आज घाटात उतरावे लागले नाही. वेग इतका कमी होता की सीताफळे घेऊन निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी काही अंतर माझ्या बरोबरीने चालत गप्पा मारल्या. परतताना किल्ल्याच्या दरवाजाशी पर्यटकांच्या गाड्यांची कोंडी होती. नऊच्या आत तो दरवाजा ओलांडावा, हा माझ्याकडून इतरांना सल्ला.

हवेशी_स्पर्धा (छत्रपती संभाजीनगर)

अभिनंदन. तथापि, बिनदांडीची फ्रेम जड वजनाच्या माणसाखाली लवते आणि ताकद वाया जाते, हे नमूद करणे कर्तव्य समजतो.

बालाघाट (बीड)

शॉकअप नसल्याचा पश्चात्ताप पुढच्या पावसाळ्यात होईल. मांजरसुंब्याला एकदा येऊन जा.

जुनी_चेन (जालना)

लवते हे खरे आहे, पण रविवारच्या फेरीत ते जाणवणार नाही. महिनाभराने सायकल दुकानात न्यावी. नव्या सायकलच्या गिअरच्या तारा ताणून सैल होतात आणि स्पोकही थोडे ढिले पडतात. मागच्या चाकाचे स्पोक मुद्दाम आवळून घ्यावेत, कारण वजन तेथेच येते. लहान चक्री पुढे आणि सर्वांत लहान चक्री मागे अशी जोडी कधीही वापरू नये, चेन तिरपी चालते आणि लवकर झिजते.

मांजरा_काठ (लातूर)

16,900 मध्ये कॅरिअर आणि स्टँड होते का?

रविवारचा_स्वार (छत्रपती संभाजीनगर)

स्टँड होता. कॅरिअरचे साडेचारशे रुपये वेगळे घेतले.

मांजरा_काठ (लातूर)

मी म्हटलेच होते.